उत्क्रांतीची सुरुवात माकडापासून नको

१९ जानेवारी २०१८ रोजी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अखिल भारतीय वैदिक संमेलनासाठी आलेले तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा मानवाच्या उत्क्रांतीविषयीचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी ना लिहून ठेवले, ना तोंडी सांगितले. तेव्हा शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दोनच दिवसांनी देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून या विधानाला वैज्ञानिक आधार नसल्याचे स्पष्ट केले आणि उत्क्रांतीचे शिक्षण अभ्यासक्रमातून काढणे किंवा पातळ करणे हे मागे नेणारे पाऊल ठरेल, असे बजावले. वैज्ञानिकांच्या सह्यांची पत्रके निघाली, वृत्तपत्रांत लेख आले. काही दिवसांनी सारे शांत झाले.

निवेदन योग्यच होते आणि ते वेळेवर निघाले याचे आम्हाला समाधान वाटले. मात्र त्या दिवसांत प्रसिद्ध झालेले लेख वाचताना एक गोष्ट आम्हाला सारखी खटकत राहिली. जवळजवळ प्रत्येक लेखात एकच उत्तर होते : माकडापासून माणूस झाला असे डार्विनने म्हटलेलेच नाही, माकड आणि माणूस यांचा पूर्वज एक होता, एवढेच त्याचे म्हणणे. वस्तुस्थिती म्हणून हे बरोबर आहे. पण एवढ्या उत्तराने ज्याचे समाधान होते असा विद्यार्थी आम्हाला अजून भेटायचा आहे. तो लगेच विचारतो, 'मग तो पूर्वज दिसायला कसा होता?' आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो बराचसा माकडासारखाच दिसत असणार! म्हणजे आपण शब्दांत सुटलो, प्रश्नातून सुटलो नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिनानिमित्त पैठण रस्त्यावरील एका शाळेत आम्ही बोलायला गेलो होतो. नववीतल्या एका मुलाने विचारले, 'सर, आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत?' आम्ही फळ्यावर झाड काढले, फांद्या काढल्या, एका फांदीवर माकड, दुसरीवर माणूस बसवला. मुलगा 'बरं' म्हणून खाली बसला. हे 'बरं' शिक्षकांना चांगले परिचयाचे असते. 'समजले' आणि 'आता पुरे' यांच्या मधले ते असते. शाळेतून परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उपटून टाकलेल्या पऱ्हाटीचे ढीग दिसत होते. काही रानांत उभ्या कपाशीवर नांगर फिरला होता. त्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी तरी हेच झाले असणार. उत्क्रांती होताना कोणी पाहिली, या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या कुंपणाबाहेर पडलेले होते आणि आम्ही आत फळ्यावर माकडे काढत बसलो होतो.

या लेखात मंत्रिमहोदयांशी वाद घालण्याचा आमचा हेतू नाही. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसला तरी पुराव्यांवरून घटना सिद्ध होते, हे एकेकाळी मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेल्या गृहस्थांना आम्ही काय सांगावे! पण त्यांचा आक्षेप हा आपल्या वर्गात दरवर्षी येणारा आक्षेप आहे, आणि तो येण्यासारखी जमीन आपणच, म्हणजे उत्क्रांती समजावून सांगणाऱ्यांनी, तयार करून ठेवली आहे. टीका करायची ती आपल्या या सांगण्यावर.

मूळ गफलत सुरुवातीतच आहे. उत्क्रांती म्हटले की आपण माणसाकडे धावतो. रुडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने १९६५ मध्ये 'टाइम-लाइफ'च्या एका पुस्तकासाठी मानवाच्या पूर्वजांची रांग काढली. वाकलेल्या प्राण्यापासून ताठ चालणाऱ्या माणसापर्यंत. त्या चित्राच्या नकला जगभर झाल्या, शर्टांवर आल्या, जाहिरातींत आल्या, आपल्या विज्ञान प्रदर्शनांतल्या थर्माकोलवरही आल्या. चित्र चटकन कळते, हाच त्याचा दोष. एक जण दुसऱ्यात, दुसरा तिसऱ्यात रूपांतरित होत पुढे चालला आहे, असे ते सांगते. ते पाहणाऱ्याने 'हे रूपांतर कोणी पाहिले?' असे विचारले तर त्याचे काय चुकले?

राज्य मंडळाने २०१८ मध्ये आणलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे पहिलेच प्रकरण आहे. त्याला पहिले स्थान मिळाले, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग २०२२-२३ मध्ये ओझे कमी करण्याच्या नावाखाली वगळला आणि एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व इतरांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले, हे लक्षात घेता तर अधिकच. परंतु त्या प्रकरणात मानवी उत्क्रांतीचे जे वर्णन आहे, ते पुन्हा रांगेचेच आहे. त्यात मानवसदृश पहिला प्राणी म्हणून रामापिथिकस येतो. शिवालिक टेकड्यांतल्या जबड्यावरून १९३४ मध्ये लुईस यांनी नाव दिलेल्या या प्राण्याला एके काळी तो मान होता खरा; पण १९८०च्या दशकात अधिक पूर्ण जीवाश्म मिळाल्यावर तो शिवापिथिकसमध्ये जमा झाला, आणि शिवापिथिकसचे नाते माणसापेक्षा ओरांगउटानशी जवळचे ठरले. आमच्या विद्यार्थिदशेत हा बदल ताजा होता. तो पाठ्यपुस्तकात पोहोचायला इतका वेळ लागावा, याचे वाईट वाटते.

याच पुस्तकात डार्विनच्या नैसर्गिक निवडीजवळच लामार्कचा वाद आहे. मान ताणणारा जिराफ आणि घण मारून खांदे बळकट झालेला लोहार ही उदाहरणे मुलांच्या चांगली लक्षात राहतात. इतकी की, परीक्षेत डार्विनच्या प्रश्नाच्या उत्तरातही जिराफ मान ताणतो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हा अनुभव असेल.

आता वेरूळकडे वळू, कारण आपल्या भागात उत्क्रांतीची चर्चा निघाली की कोणीतरी पंधराव्या लेण्याचे, म्हणजे दशावतार लेण्याचे, नाव काढतोच. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन : पाण्यातून जमिनीवर, पशूतून मनुष्यात. हे साम्य एकोणिसाव्या शतकापासून अनेकांनी मांडले आहे, त्यात उत्क्रांतीचे समर्थकही आहेत. शिक्षकांना ते सोयीचे वाटते. श्रद्धाळू पालकही दुखावत नाहीत. नरसिंहाचे ते शिल्प आम्हालाही अतिशय आवडते. पण दाखला म्हणून दशावतार उपयोगाचे नाहीत. अवतार प्रयोजनासाठी होतो. कोणाला तरी तारायचे असते, कोणाला मारायचे असते. उत्क्रांतीला प्रयोजन नसते. शिवाय अवतारांची माळ म्हणजे पुन्हा एक शिडीच, आणि शेवटी वर माणूस. धर्माला धक्का नको म्हणून घेतलेला हा दाखला उत्क्रांतीतली मुख्य गोष्टच पुसून टाकतो.

ती मुख्य गोष्ट कोणती? एक प्राणी बदलत नाही; प्राण्यांच्या घोळक्यातले प्रमाण बदलते. घोळक्यात सारे सारखे नसतात, त्यांच्यातले काही फरक पिल्लांकडे जातात, आणि काही फरक असणाऱ्यांची पिल्ले इतरांपेक्षा जास्त जगतात. एवढेच. यात माकड कुठेही नाही. डार्विनने १८५९ मध्ये 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध केले तेव्हा पहिले प्रकरण पाळीव प्राण्यांवर, विशेषतः कबुतरांवर, लिहिले. कबुतरे पाळण्याचा षोक त्याच्या वाचकांना ठाऊक होता. माणसाविषयी त्याने त्या ग्रंथात जेमतेम एक ओझरता उल्लेख केला आणि तो विषय १८७१ पर्यंत बाजूला ठेवला. माहीत असलेल्यापासून माहीत नसलेल्याकडे, हे शिक्षणशास्त्रातले जुने सूत्र त्याने पाळले. आपण त्याच्या नावाने शिकवतो आणि त्याचा क्रम मात्र उलटा करतो. कबुतरे नसली तर आपल्याकडे लातूरकडचा देवणी बैल आहे, नांदेडची लालकंधारी गाय आहे, उस्मानाबादी शेळी आहे. चांगला वळू राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला निवड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी अडचण शब्दांची आहे. 'उत्क्रांती' या शब्दातच वर पाऊल टाकणे आहे. जिथे वर जाणे अभिप्रेत नाही तिथेही तो शब्द मुलाला शिडी दाखवतो. मराठी विश्वकोशाने 'क्रमविकास' हा शब्द वापरला. त्यातही विकास आहेच, आणि तो फारसा रुळला नाही. आम्ही 'उत्क्रांती' बदला असे म्हणणार नाही, रुळलेला शब्द उपटणे चांगले नसते. मात्र पहिल्याच तासाला हे सांगून टाकावे, की आतड्यात राहून डोळे आणि आतडे गमावलेला पट्टकृमी हाही उत्क्रांतच आहे.

'सिद्धांत' हा शब्द दुसऱ्या टोकाचा. इंग्रजीत त्या जागी जो शब्द आहे त्याचा बोलीतला अर्थ 'अंदाज' असाही होतो, म्हणून तिकडे 'ही तर नुसती थिअरी' असे म्हणता येते. मराठीत जे सिद्ध होऊन अंताला पोहोचले ते सिद्धांत. 'हा नुसता सिद्धांत आहे' हे वाक्य मराठीत बसतच नाही. ते बाहेरून आयात केलेले आहे. परंतु याच शब्दामुळे आपले विद्यार्थी उत्क्रांतीकडे पाठ करायची गोष्ट म्हणून पाहतात, तपासून पाहायची गोष्ट म्हणून नव्हे. आणि 'बळी तो कान पिळी' ही म्हण तर या विषयाच्या जवळही येऊ देऊ नये. इथे कान कोणी पिळत नाही. कित्येकदा टिकतो तो दुबळाच, फक्त त्याच्यात नेमके एक काहीतरी बिघडलेले असते. ते कसे, हे पाहायला पुन्हा कपाशीच्या रानात जाऊ.

बीटी कपाशीला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. इथून तासाभराच्या अंतरावरील जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो यांचे ते वाण होते. मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे एक जनुक कपाशीत घातल्याने झाड स्वतःच एक प्रथिन तयार करते. बोंडअळीने ते खाल्ले की तिच्या आतड्यात ते विरघळते, कापले जाते आणि आतड्याच्या पेशींवरील कॅढेरिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते. किल्ली कुलपात बसावी तसे. मग पेशीला छिद्रे पडतात, अळी खाणे थांबवते आणि मरते. २००६ मध्ये दोन प्रथिनांचे वाण आले. काही वर्षे फवारणी घटली आणि कपाशी पांढरीशुभ्र फुटली, हे इथले शेतकरी अजून सांगतात.

मग २०१० मध्ये गुजरातेतील काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचे कंपनीनेच जाहीर केले. पुढे दुसऱ्या प्रथिनाचेही तेच झाले. २०१७ च्या खरिपात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात गुलाबी अळीने थैमान घातले. फुले पूर्ण उमलेनात, पाकळ्या मिटून डोमकळ्या दिसू लागल्या. बोंडे वरून चांगली, आतून पोखरलेली. सरकी खाल्लेली, कापूस पिवळा पडून कवडी झालेला. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सरकारला मदत जाहीर करावी लागली. त्यानंतर महिनाभराने आमच्या शहरात ते विधान झाले.

त्या हंगामातल्या बातम्या आणि सल्लापत्रके आम्ही जपून ठेवली आहेत. 'अळीने प्रतिकारशक्ती निर्माण केली', 'अळीला बीटीची सवय झाली', 'अळी आता विषाला सरावली' अशी त्यांतली वाक्ये आहेत. शेतकरी म्हणत होते, 'बियाणे बोगस निघाले'. उत्क्रांती हा शब्द आम्हाला त्या कागदांत एकदाही सापडला नाही. 'सवय झाली' हे वाक्य तंबाखूला शोभते, अळीला नाही. ज्या अळीचे कुलूप शाबूत होते तिला सवय व्हायला वेळच मिळाला नाही, ती मेली. ज्या थोड्या अळ्यांचे कुलूप जन्मतःच बिघडलेले होते त्यांच्यात किल्ली बसली नाही, त्या उरल्या, आणि पुढची पिढी त्यांची झाली. क्रियापद बदलायला हवे : अळी 'बदलली' नाही, तशा अळ्या 'उरल्या'. सारा डार्विन आणि सारा लामार्क या एका क्रियापदात वेगळे होतात.

कुलूप बिघडण्याविषयी एक सुरेख शोध आहे. भारतातील शेतांत सापडलेल्या प्रतिकारक गुलाबी अळ्यांत कॅढेरिनच्या जनुकाचे आठ वेगवेगळे बिघडलेले प्रकार आढळले. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ! अळीने गरज म्हणून ठरवून बदल केला असता तर तो एकाच नमुन्याचा निघाला असता. घड्याळ बंद पाडायला हजार वाटा असतात, तसा हा प्रकार आहे. बिघाड आधी आणि योगायोगाने होतात, निवड नंतर होते. आंधळे बदल आणि डोळस वाटणारा परिणाम यांचे इतके स्वच्छ उदाहरण शोधायला गॅलापागोस बेटांवर जायची गरज नाही.

आता यातले गणित पाहू, कारण इथेच शेतकऱ्याचे नुकसान आणि शाळेतला तास एकत्र येतात. प्रत्येक अळीत जनुकाच्या दोन प्रती असतात. बिघडलेली प्रत अप्रभावी आहे. एक चांगली प्रत असली तरी कुलूप तयार होते आणि अळी मरते. समजा हजारात एक प्रत बिघडलेली आहे. तर दोन्ही प्रती बिघडलेली अळी दहा लाखांत एक. अशी एखादीच उरते. सगळीकडे बीटीच असेल तर तिच्या पतंगाला जोडीदार मिळतो तोही शेजारच्या रानात असाच उरलेला, आणि त्यांची सारी पिल्ले प्रतिकारक. पण जवळच काही ओळी साध्या कपाशीच्या असतील तर तिथून हजारो साधे पतंग निघतात. उरलेल्याचा संकर त्यांच्याशी होतो, पिल्लांत एक प्रत चांगली येते, आणि ती पिल्ले बीटीवर मरतात. म्हणूनच आपल्याकडे बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी येत असे. कडेने लावायची ती. बहुतेकांनी ती बांधावर टाकून दिली. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने अळ्यांना खाऊ घालण्यासाठी जमीन का सोडावी, हे त्याला पटेल असे कोणी सांगितलेच नाही. 'अळी पडू नये म्हणून अळी राखायची' हे वाक्य उत्क्रांती समजल्याशिवाय वेडगळच वाटणार.

गुलाबी अळीच का, अमेरिकन बोंडअळी का नाही, असे चौकस विद्यार्थी विचारील. अमेरिकन अळी तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवरही जगते. तिची साधी भावंडे त्या पिकांत आयतीच राखली जातात. गुलाबी अळीचे आपल्याकडे जवळजवळ कपाशीवाचून भागत नाही. त्यात फरदडीच्या लोभाने कपाशी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी राहिली, म्हणजे अळीला जास्तीच्या पिढ्या आणि निवडीला जास्तीच्या फेऱ्या. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सुरुवातीची दहा वर्षे साध्या कपाशीचे पट्टे कसोशीने राखले गेले, पुढे वांझ पतंग सोडण्यात आले, आणि अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. अळी तीच, प्रथिन तेच, साल जवळपास तेच.

वर्गात हे दोन मुठी धान्यावर करून दाखवता येते. ज्वारीचे २०० दाणे आणि मसुरीचे ५० दाणे एका डब्यात मिसळावेत. ज्वारी म्हणजे चांगली प्रत, मसूर म्हणजे बिघडलेली. न पाहता दोन-दोन दाणे काढून १२५ जोड्या लावाव्यात. प्रत्येक जोडी ही एक अळी. पहिल्या १०० जोड्या बीटीच्या रानातल्या. त्यांतल्या मसूर-मसूर जोड्याच ठेवाव्यात, बाकीच्या मेल्या. साधारण ४ उरतील. एखाद्या बाकावर २, एखाद्यावर ७ असेही होईल, आणि ते तसे झालेलेच बरे, कारण योगायोगाचाही धडा होतो. केवळ यांचीच पुढची पिढी झाली तर प्रतिकारक प्रत २० टक्क्यांवरून एका झटक्यात १०० टक्के. आता उरलेल्या २५ जोड्या साध्या कपाशीवरच्या. त्या सगळ्या जगल्या. त्यांत सरासरी ४० ज्वारी आणि १० मसूर. दोन्ही रानांतले उरलेले एकत्र केले की ४० ज्वारी, १८ मसूर, म्हणजे ३१ टक्के. शंभर आणि एकतीस! टाकून दिलेल्या पुडीची किंमत मुले स्वतःच मोजतात. आम्ही हा खेळ आतापर्यंत बऱ्याच शाळांत केला, आणि त्यानंतर आलेले 'बरं' पहिल्यापेक्षा वेगळे होते, एवढे सांगता येईल.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो टाळू नये. 'अळी शेवटी अळीच राहिली ना?' होय, राहिली. पंधरा वर्षांत दुसरे काय होणार? बोंडअळीने यंत्रणा दाखवली; त्या यंत्रणेला पुरेसा काळ मिळाला होता का, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी पुन्हा वेरूळला जावे, पण शिल्पे न पाहता खडक पाहावा. तो लाव्हा थिजला त्याला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. लेण्यांच्या आवारात उड्या मारणारी वानरे आणि त्यांच्याकडे पाहणारे आपण यांचा समाईक पूर्वज सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे भिंतीवरचा तो खडक त्या पूर्वजापेक्षा दुपटीहून अधिक जुना. लाव्ह्यात जीवाश्म मिळत नाहीत, ही आपल्या भागातल्या शिक्षकाची अडचण खरी. पण गोदावरीच्या गाळात ते आहेत. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथील नामशेष हत्तीच्या अवशेषांची नोंद पिल्ग्रिम यांनी १९०५ मध्येच केली आहे.

आणि माणसाविषयी बोलायचे तेव्हा हाडांच्या रांगेऐवजी आवळ्यापासून बोलावे. गाय, शेळी, कुत्रा ही जनावरे क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. आपल्याला आवळा, लिंबू, पेरू खावे लागतात. ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीचे जनुक आपल्यात आहे, पण मोडलेले. चिंपांझीत, वानरात, माकडातही ते आहे आणि मोडलेलेच आहे, व मोडतोडीच्या खुणा पुष्कळशा जुळतात. गिनीपिगमध्येही ते मोडलेले आहे, पण वेगळ्या जागी. दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरे सारखी निघाली तर शिक्षक काही म्हणत नाही. चुका सारख्या निघाल्या की त्याला पुढचे सांगावे लागत नाही.

माकडहाड हा शब्द मराठीत कोणी आणि केव्हा रूढ केला, याचा कोणी भाषाभ्यासकाने शोध घेतला तर आम्हाला वाचायला आवडेल. वर्गात मात्र तो शेवटच्या तासाला यावा. पहिल्या तासासाठी जुलै-ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांना कपाशीच्या रानातून चार डोमकळ्या आणायला सांगाव्यात. त्या दिवसांत त्या सहज मिळतात, आणि पाकळ्या उकलल्या की आत अळी सापडते.